भुवईतली पांढरी रेघ

त्याला गल्लीत सगळे 'तासाभरात' म्हणत. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं, परवाना फ्रेममध्ये होता आणि फ्रेम कपाटामागे, तेव्हा ते कुणाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ओळखपत्राचे फोटो कधी मिळतील? तासाभरात. आजोबांचा फाटका फोटो सांधून? तासाभरात. एकदा एकानं फोनवर विचारलं, "दुकान उघडं आहे का?" तर याच्या तोंडून गेलं, "तासाभरात." आणि तेव्हा तो काउंटरमागे उभाच होता. त्याची बायको हा किस्सा अजून सांगते आणि तो अजून हसतो. निदान परवापरवापर्यंत हसायचा.

दुकान म्हणजे हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं. पुढे काउंटर, त्यावर लॅमिनेशनचं यंत्र, मागे हिरवा पडदा, पडद्यामागे एक स्टूल, दोन दिवे आणि सुतळीनं आरशाला बांधलेला कंगवा. कंगवा बांधला नाही तर लोक खिशात घालून नेतात, असा वीस वर्षांचा अनुभव. बायको काउंटरवर बसून ओळखपत्राचे फोटो कापायची आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. हा आत कॉम्प्युटरसमोर बसून लोकांचे चेहरे साफ करायचा.

त्यात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुटकुळी म्हणू नका, वांग म्हणू नका, डोळ्यांखालची वर्तुळं म्हणू नका, याचा माउस फिरला की सगळं गुळगुळीत. नोकरीच्या अर्जांवर याच्या हातचे इतके फोटो गेले की, मुलाखतीला माणूस आत आला की साहेब आधी अर्जाकडे बघायचे आणि मग पुन्हा माणसाकडे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे, आणि यावा, पण वाईट नव्हता. त्याला फक्त घाई होती, आणि आपण लोकांचं भलं करतोय अशी खात्री होती. ही दोन एकत्र आली की माणूस कुणाचं ऐकत नाही.

समोर, सायकल दुरुस्तीवाल्याच्या शेजारी, शिवणवाल्या ताई राहायच्या. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उशांचे अभ्रे, असली कामं. त्यांना एकच मुलगी होती. ती नवव्या वर्षी तापानं गेली, चार दिवसांत. तिचा धड असा एकच फोटो होता. जायच्या वर्षभर आधी याच दुकानात, याच स्टुलावर बसवून यानंच काढलेला. बाकी होते ते घोळक्यातले, कुणाच्या तरी खांद्याआडून डोकावणारे.

ती गेल्यावर दोन वर्षांनी गल्लीतली पाण्याची मोठी पाइप फुटली. याच्या दुकानात गुडघाभर पाणी चढलं आणि खालच्या खणातल्या निगेटिव्हांचा लगदा झाला. ताईंकडे पाणी फ्रेममध्ये शिरलं आणि फोटो आतून काचेला चिकटला. ओढला तर चेहरा काचेवर राहायचा आणि हातात नुसता कागद यायचा. ताई ती फ्रेम पदराखाली झाकावी तशी छातीशी धरून दुकानात आल्या.

यानं घाबरू नका म्हणून सांगितलं, काचेसकट फोटो स्कॅनरवर पालथा घातला आणि स्कॅन केला. मग कॉम्प्युटरनं विचारलं, कसा ठेवू? आता हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथून सुरू होतो. फोटो ठेवायच्या दोन रीती. एक म्हणजे ठिपका न् ठिपका आहे तसा ठेवायचा. आवळून बांधला तरी सोडल्यावर सगळा परत मिळतो, पण तो जागा फार खातो. दुसरी म्हणजे डोळ्याला जे कळणार नाही ते टाकूनच द्यायचं. मग फोटो विसाव्या हिश्शात मावतो, झटकन उघडतो, झटकन छापतो. टाकलेलं मात्र गेलं ते गेलं. त्या आठवड्यात अर्धी गल्ली ओले फोटो घेऊन दारात उभी होती आणि डिस्क गच्च भरली होती. यानं दुसरी रीत दाबली.

ताईंनी विचारलंसुद्धा. "लहान करताय म्हणजे त्यातलं काही जाईल का हो, भाऊ?"

"डोळ्याला फरक कळत नाही, ताई."

आणि ते खोटं नव्हतं. पहिला पोस्टकार्डाएवढा प्रिंट निघाला तेव्हा मुलगी त्यात होती, जशीच्या तशी. ताई रडल्या, बायको रडली, यालाही भरून आलं. त्या भरात यानं ती फ्रेम उचलली, काचेला तडा गेलाय, हात कापेल, आता याचं काय काम, कॉम्प्युटरमध्ये आहे की कायमची, असं म्हणाला आणि फोटोसकट काउंटरखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. ताई क्षणभर डब्याकडे बघत राहिल्या. मग प्रिंट घेऊन गेल्या.

तेव्हापासून दर वर्षी, मुलीच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ताई यायच्या. वर्षभर पर्समध्ये राहून आणि दिवसातून दहा वेळा बाहेर येऊन जुना प्रिंट कोपऱ्यांनी झिजलेला असायचा. "भाऊ, एक काढून द्या." "तासाभरात, ताई." पैसे त्यानं कधी घेतले नाहीत, आणि याचा त्याला मनातून फार अभिमान होता.

नुसता छापून दिला असता तरी निभावलं असतं. पण हाताची खाज. फाइल उघडायची, जरा उजेड वाढवायचा, गालावर ठिपका दिसतोय तो काढायचा, हनुवटीपाशी बारीक चौकोन दिसायला लागलेत ते घासून मऊ करायचे, आणि त्याच नावानं त्याच जागी परत ठेवायची. सहाव्या वर्षी त्याला भुवईत एक पांढरी रेघ दिसली. जुन्या प्रिंटवरचा ओरखडा असणार. शेजारचे केस घेऊन त्यानं ती भरून टाकली आणि काम छान झालं म्हणून स्वतःवरच खूश झाला.

दुसऱ्या रीतीची मेख अशी, की दर वेळी उघडून बदलून परत ठेवलं की ती दर वेळी थोडं टाकून देते. पुन्हा डोळ्याला न कळणारं, पुन्हा थोडंसंच. हे याला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. गिऱ्हाइकांना हाच बजावायचा, मूळ फाइलला हात लावू नका, नक्कल काढून तिच्यावर काय तो धुडगूस घाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. आटतंही तसंच, पण ते काठावर रोज बसणाऱ्याला दिसत नाही.

यंदा ताई आल्या त्या भिंतीला हात लावत. बायकोनं उठून त्यांना खुर्ची दिली. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. कडेचं दिसायचं, मधलं जात चाललं होतं. सुईत दोरा ओवणं बंद झाल्याला चार महिने झाले होते.

"डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही आणि आहे तेही वर्षभरात जाईल," ताई म्हणाल्या. "तर भाऊ, या वेळी पर्समधला नको. मोठा काढा. दाराएवढा काढा म्हटलं तरी चालेल. माणसं मला आता चेहऱ्याच्या जागी राखाडी दिसतात, पण मोठं असलं की कडेकडेनं तुकड्यातुकड्यानं बघता येतं. दिसतंय तोवर तिला एकदा नीट बघून घेते."

"तासाभरात, ताई," हा म्हणाला.

त्या गेल्यावर त्यानं फाइल उघडली आणि दोन फूट बाय तीन फूट करून बघितली. पोस्टकार्डावर जे मऊ दिसायचं ते इथे चिखल झालं होतं. डोळ्यांच्या जागी दोन काळसर डाग, ओठ म्हणजे गुलाबी पट्टा, कपाळावर फरशा बसवाव्यात तसे चौकोन. केस कुठे संपतात आणि कपाळ कुठे सुरू होतं, कळेना. त्यानं जुन्या डिस्का काढल्या, सीड्यांची चळत उपसली. सगळीकडे तीच फाइल, नाहीतर तिच्याहून लहान केलेली. चौदा वर्षं आपण त्या पोरीचा चेहरा ओलं फडकं घेऊन पुसत होतो, हे त्याला तेव्हा लख्ख कळलं. पडद्यामागे कुणी नव्हतं, तरी त्याला कुठे तोंड लपवू असं झालं. कचऱ्याच्या डब्यात फ्रेम पडल्याचा आवाजसुद्धा त्याला आठवला.

आता सरळ समोर जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. तीस पावलांचा रस्ता. पण शरमलेल्या माणसाला तीस पावलं फार होतात. त्यानं तो नवा प्रोग्रॅम उघडला, जो अंधुक फोटो अंदाजानं भरून काढतो. चार मिनिटांत चेहरा तयार. पापणी न् पापणी सुटी, ओठांना चकाकी, डोळ्यांत दिव्याचं प्रतिबिंब. देखणी पोरगी. फक्त ती कुठे जन्मलेली नव्हती.

बायको चहा घेऊन आत आली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघत म्हणाली, "छान आहे की. कुणाची हो ही?"

तो माउस फिरवत राहिला. बायकोनं पुन्हा बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि कप ठेवून बाहेर गेली. बाहेर गिऱ्हाईक होतं, पण गप्पांचा आवाज आला नाही.

तरीही त्यानं तो छापला. मनात एकच वाक्य घोळत होतं, डोळ्याला फरक कळत नाही. ताईंच्या डोळ्याला तर आता कशातलाच फरक कळत नव्हता. हे मनात आलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली, पण हात थांबले नाहीत. प्रिंट जाड पुठ्ठ्यावर चिकटवला, कडा कापल्या आणि तो बगलेत मारून तो रस्ता ओलांडून गेला. निघताना घड्याळ बघितलं. तास व्हायला पाच मिनिटं होती.

ताईंच्या खोलीत शिवणयंत्रावर अभ्रा घालून ठेवला होता. खिडकीखाली टेबल होतं. त्यानं फोटो भिंतीला टेकवून उभा केला. ताई अगदी जवळ गेल्या, मान तिरकी केली, कधी डावीकडून, कधी उजवीकडून, एखादं भोक शोधावं तशा बघत राहिल्या. बराच वेळ.

"केवढी मोठी झाली," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "भाऊ, तिची खूण आली का हो यात?"

"आली की," हा म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"मला नाही दिसत. माझं बोट धरा आणि तिच्यावर ठेवा."

त्यांनी हात पुढे केला. सुयांनी खरबरीत झालेलं बोट. त्यानं ते धरलं, आणि धरल्यावर त्याला कळलं की आपल्याला काही म्हणजे काही ठाऊक नाही. कसली खूण? तीळ? डाग? कुठे? चौदा वर्षं त्यानं हा चेहरा उघडला होता, इंच इंच घासला होता, ही पोर त्याच्यासमोर स्टुलावर बसली होती, आणि त्याला तिची एक खूण सांगता येत नव्हती. बोट हवेतच होतं. शेवटी त्यानं ते गालावर टेकवलं.

ताईंनी बोट तसंच ठेवलं. मग हळूच काढून घेतलं.

"भुवईत होती, भाऊ," त्या म्हणाल्या. "चार वर्षांची असताना या यंत्राच्या कोपऱ्यावर आपटली. दोन टाके पडले. तिथे पुन्हा केस आले नाहीत."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला त्या खोलीत कळलं. "ताई," तो म्हणाला, "मीच पुसली. मला ओरखडा वाटला. आणि ही... ही ती नाहीच. तिचं काही उरलं नव्हतं, म्हणून मी ही बनवून आणली. तुम्हाला दिसणार नाही म्हणून आणली."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण ते बोलला म्हणून तर मी मघाशी म्हटलं, की माणूस वाईट नव्हता.

ताई उठल्या, चाचपडत फळीपाशी गेल्या आणि बटणांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. बटणांच्या तळाशी एक पाकीट होतं. त्यातून त्यांनी प्रिंट काढले आणि टेबलावर एकाशेजारी एक मांडत गेल्या, न चुकता, क्रमानं. चौदा.

"बघा," त्या म्हणाल्या.

त्याला बघावं लागलं. पहिल्यात मुलगी होती. कोपरे झिजलेले, मधे एक घडी पडलेली, पण मुलगी होती. भुवईत नखभर पांढरी रेघ, आणि त्या बाजूचे केस मागे सारलेले. मग त्याला आठवलं. आईनं बट कपाळावर ओढून रेघ झाकली होती आणि पोरीनं फोटोच्या ऐन वेळी ती बट मागे सारली होती, "काका, दिसू दे की." तो हसला होता तेव्हा. पुढच्या प्रिंटांत ती थोडी थोडी निघून जात होती. सहाव्यात रेघ गेली. नवव्यात ओठ गेले. चौदाव्यात मुलीसारखं काहीतरी होतं.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"डोळे चांगले होते की तेव्हा. सहाव्या वर्षी घरी आले, आधीचा काढून शेजारी ठेवला. वाटलं, आपलीच नजर चुकतेय. मग पुढच्या वर्षी पुन्हा ठेवला."

"मग बोलला का नाहीत, ताई? शिव्या घालायच्या होत्या."

"काय बोलणार? तुम्ही पैसे घेत नव्हता," ताई म्हणाल्या. "फुकट करणाऱ्याला चूक दाखवता येत नाही, भाऊ. आठव्या वर्षी फार राग आला होता. दुकानापर्यंत आले, तुम्ही स्टूल पुसून बसायला दिलंत, आणि मी गप्प बसले." त्यांनी एका प्रिंटचा कोपरा बोटानं दाबून सपाट केला. "लहान मुलांचे कपडे शिवताना आम्ही आत दोन बोटं माया ठेवतो. जास्तीचं कापड दुमडून आत घ्यायचं. बाहेरून दिसत नाही, पण वाढलं अंग की उसवून सोडता येतं. कापलं की संपलं. मला वाटलं होतं, तुमच्याकडेही दुमडून ठेवत असतील."

चौदा वर्षं ज्या एका गोष्टीची त्याला शेखी होती, तिनंच या बाईचं तोंड बांधून ठेवलं होतं. मान वर करवेना. तो चौदा प्रिंटांकडे बघत उभा राहिला, आणि मग चाचरत म्हणाला, की पहिला प्रिंट दिलात तर त्यावरून पुन्हा करता येईल. झिजलाय, दाराएवढा नाही होणार, पण रेघ येईल. घडी पडलीय तीही तशीच ठेवू, काही पुसणार नाही.

"चला," ताई म्हणाल्या.

"तुम्ही कशाला त्रास घेता, मी घेऊन जातो आणि..."

"नाही, भाऊ. मी बरोबर येते. मागच्या वेळी फ्रेम तुमच्याकडे ठेवून आले होते."

हे त्या चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. चढ्या आवाजात बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला रस्ता ओलांडताना वाटत राहिलं. प्रिंट त्यांच्या हातात होता आणि त्यांचं कोपर याच्या हातात. बगलेत ती देखणी, खोटी पोरगी होती, आणि सायकल दुरुस्तीवाला कौतुकानं म्हणाला, "वा, झकास आलाय की फोटो." यानं ऐकलं न ऐकलंसं केलं.

दुकानात बायकोनं दोघांना बघितलं आणि पडदा बाजूला केला. ताई स्टुलावर बसल्या, त्याच. त्यानं स्कॅनरची काच दोनदा पुसली. ताईंनी प्रिंट स्वतःच चाचपून काचेवर पालथा ठेवला, त्यानं नुसता कोपरा सरळ केला. यंत्र सर्वांत बारीक मापावर लावलं. उजेडाचा पट्टा सरकायला लागला, इतका सावकाश की सरकतोय की नाही कळेना. मग कॉम्प्युटरनं तोच जुना प्रश्न विचारला. त्यानं पहिली रीत दाबली.

"किती वेळ लागेल?" ताईंनी विचारलं.

बायकोनं पडद्याआडून मान वळवून बघितलं. त्याच्या ओठांवर तो शब्द आला होता.

"सांगता येत नाही, ताई," तो म्हणाला. "लागेल तेवढा लागेल."

ताईंनी मान डोलावली आणि पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. काम संपल्याचा आवाज झाला तशी त्यांनी मान वर केली. त्यानं स्कॅनरचं झाकण उघडलं, सवयीनं हात पुढे केला, आणि मागे घेतला. काचेवर चाचपडत ताईंनीच फोटो उचलला.